माकडलिंबू : एका झुडपाच्या नावांची गोष्ट

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा भाग लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझं अडखळणं आणि मागून आलेली कुकरची शिट्टी तेवढी काढून टाकली. आजचा भाग छोट्या दोस्तांसाठी आहे. मोठ्यांनी शेजारी बसून ऐकला तरी आमची हरकत नाही.

गोष्ट सुरू होते मे महिन्याच्या सुट्टीत. मी आणि माझी भाची, वय वर्षं नऊ, गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून मालवणकडं मावशीच्या घरी गेलो होतो. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. घराच्या मागं जांभ्या दगडाचा गडगा आहे आणि त्याला लागून काटेरी झुडपांची एक रांग. पुढच्या आठवड्यात तिथं जेसीबी येणार होता. मावसभावाला पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा करायची होती.

भाची त्या झुडपांपाशी उभी राहून म्हणाली, "मामा, हे कसलं झाड आहे?"

मी फोनमध्ये डोकं घातलेलं. ऑफिसचा मेसेज आला होता. वर न बघताच म्हणालो, "काही नाही गं, झुडूप आहे."

"झुडूप हे काय नाव झालं?"

मी गप्प. मागून मावशी आली, हातात सुपली. म्हणाली, "माकडलिंबू तां. तुका म्हायत नाय?"

खरंच माहीत नव्हतं. इंजिनिअर झालो, आठ वर्षं कॉम्प्युटरवर काम करतोय, पण लहानपणी ज्या गडग्यावर बसून आंबे खाल्ले त्याच्या शेजारच्या झाडाचं नाव मला ठाऊक नव्हतं. 'काही नाही' हे माझं उत्तर मला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं. म्हणून शोधाशोध केली. आणि दोस्तांनो, या एका झुडपाच्या नावामागं जी माणसं निघाली ना, विचारू नका!

आधी झाड ओळखून घेऊ. माकडलिंबू हे सदाहरित झुडूप आहे. सदाहरित म्हणजे सगळी पानं एकदम गाळून उघडं न पडणारं, बारा महिने हिरवं. कोकणात समुद्राजवळ दिसतं, सह्याद्रीच्या जंगलातही दिसतं. जागा चांगली मिळाली तर छोटं झाडही होतं. पानं गर्द हिरवी, जाडसर आणि चकचकीत, तेल लावल्यासारखी. समुद्रावरच्या वाऱ्यात आणि कोकणातल्या उन्हाळ्यात अशी जाड, गुळगुळीत पानं उपयोगी पडतात, कारण त्यांच्यातलं पाणी लवकर उडून जात नाही. पानाच्या बगलेत काटा असतो. फुलं पांढरी आणि सुवासिक. फळ गोल, छोट्या लिंबासारखं. आधी हिरवं, मग पिवळसर.

आता एक प्रयोग करा. स्वयंपाकघरातून कढीपत्त्याचं एक पान घ्या आणि उजेडासमोर धरा. बारीक बारीक ठिपके दिसतील, जसं कुणी टाचणीनं टोचलंय. त्या तेलाच्या पिशव्या. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास येतो. लिंबाचं पान घ्या, बेलाचं घ्या, कवठाचं घ्या, तेच ठिपके. माकडलिंबाच्या पानातही तेच. ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत, लिंबाच्या कुळातली. वास वेगळे, चवी वेगळ्या, पण पिशव्या सगळ्यांकडं. आपल्याकडं एका भावकीतल्या सगळ्यांचं नाक सारखं असतं ना, तसं!

पण भावकीतही माणसं वेगळी ओळखता आली पाहिजेत. त्यासाठी पानं मोजा. बेलाला तीन पानांचा गुच्छ, म्हणून तर त्याला त्रिदळ म्हणतो. कढीपत्त्याच्या एका काडीवर पानांची लांब रांग. आणि माकडलिंबाला? एकेकटं पान. हे 'एकटं पान' लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आणि हो, एक नियम. ओळखीचं नसलेलं जंगली फळ तोंडात घालायचं नाही. माकडलिंबू नावातच सांगतंय की हे माकडाचं आहे! आपल्या लोकांनी झाडांना अशी नावं देताना छान युक्ती केली. ओळखीच्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि पुढं 'रान' किंवा 'माकड' लावायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, लिंबासारखं आहे पण ताटात वाढायचं नाही. दोन शब्दांत केवढी माहिती!

आता गोष्टीतला पहिला माणूस. त्यासाठी मालवणहून थोडं दक्षिणेला, गोव्याला जाऊ, आणि काळात जाऊ जवळपास पावणेपाचशे वर्षं मागं.

गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला आणि इथलाच होऊन गेला. मुंबईचं बेटसुद्धा काही काळ त्याच्याकडं खंडानं होतं. त्याला इथल्या औषधी झाडांचं वेड. युरोपातल्या जुन्या पुस्तकांत भारतातल्या झाडांबद्दल ऐकीव गोष्टी लिहिलेल्या असायच्या. हा म्हणाला, मी इथं राहतोय, मी डोळ्यांनी बघून लिहितो. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. छापखाना भारतात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती! आणि पुस्तक कसं आहे माहितीय? दोन माणसांच्या गप्पांसारखं. एक स्वतः ओर्ता आणि दुसरा एक काल्पनिक डॉक्टर पाहुणा, जो प्रश्न विचारत राहतो. पाचशे वर्षांपूर्वीचा पॉडकास्टच म्हणा की!

त्या पुस्तकात आपलं बेलफळ आहे. ओर्तानं त्याला 'मार्मेलोस द बेंगाला' म्हटलं. मार्मेलो हे पोर्तुगालमधलं एक आंबट-तुरट फळ, त्याचा मुरांबा करतात. आपण ब्रेडला लावतो त्या मार्मालेडचं नाव त्यावरूनच आलं. बेलाचाही मुरंबा होतो. मग त्याला वाटलं, हे इकडचं मार्मेलोच. बघा, मावशीच्या लोकांनी केली तीच युक्ती! माहीत असलेल्या फळाचं नाव घ्यायचं आणि पुढं गाव लावायचं.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. पण त्याची गोष्ट तिथं संपली नाही. त्याचं घराणं मूळचं ज्यू. पोर्तुगालमध्ये ज्यूंना जबरदस्तीनं ख्रिस्ती केलं होतं, आणि ही माणसं मनातून अजून आपला जुना धर्म पाळतात का हे शोधून शिक्षा करणारं एक धर्मन्यायालय होतं. त्याला इन्क्विझिशन म्हणतात. १५८० मध्ये, म्हणजे मरून बारा वर्षं झाल्यावर, या न्यायालयानं ओर्ताच्या अस्थी उकरून काढून जाळायला लावल्या. त्याची कबर पुसली. पण त्यानं फळाला दिलेला शब्द मात्र पुसता आला नाही. बेलाच्या शास्त्रीय नावात 'मार्मेलोस' आजही आहे.

आता शंभर वर्षं पुढं आणि किनाऱ्यानंच आणखी खाली, केरळात कोचीला. तिथं डचांचं राज्य होतं आणि व्हान ऱ्हीड नावाचा त्यांचा गव्हर्नर होता. त्यानं मलबारच्या झाडांचा प्रचंड ग्रंथ करायला घेतला, 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले. ७०० हून जास्त झाडं, त्यांची मोठमोठी चित्रं. पण गव्हर्नरला झाडांची नावं कोण सांगणार? सांगितली इथल्याच लोकांनी. इट्टी अच्युदन नावाचे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी १६७५ साली कोकणी भाषेत, नागरी लिपीत एक पत्र लिहून दिलं, आणि ते पहिल्या खंडात छापलंय. म्हणजे आपण आता ज्या लिपीत वाचतोय, तिचा नमुना साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यात गेला होता. मला ते कळल्यावर अंगावर काटाच आला.

त्या ग्रंथात 'मल-नारेगम' नावाचं एक झुडूप आहे. मल्याळममध्ये मला म्हणजे डोंगर आणि नारकम म्हणजे लिंबू. डोंगरलिंबू! आपल्या माकडलिंबाची भावकी.

पुढचा माणूस कार्ल लिनियस, स्वीडनचा. हा भारतात कधीच आला नाही. त्याच्याकडं जगभरातून वाळवलेल्या फांद्या आणि पुस्तकं यायची आणि तो प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं नाव द्यायचा. आपल्यासारखंच, नाव आणि आडनाव, फक्त आडनाव आधी. १७७१ मध्ये त्यानं या झुडपाचं नाव लावलं लिमोनिया मोनोफायला. मोनोफायला म्हणजे? एकटं पान! मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच.

पण ओर्ताचं, ऱ्हीडचं, लिनियसचं ऐकता ऐकता एक माणूस माझ्या हाती लागला आणि मी त्याच्या प्रेमातच पडलो. जोझे कोरेया द सेरा. पोर्तुगालमध्ये जन्मलेला, ख्रिस्ती धर्मगुरू आणि झाडांचा अभ्यासक. लिस्बनची विज्ञान अकादमी १७७९ मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत हा होता. पण मोकळ्या विचारांच्या माणसांना तो काळ सोपा नव्हता. ज्या देशातल्या न्यायालयानं ओर्ताच्या अस्थी जाळल्या त्याच देशातून या धर्मगुरूला दोनदा पळून जावं लागलं. दुसऱ्या वेळी कारण काय, तर फ्रान्समधून जीव वाचवून आलेल्या एका वनस्पतीशास्त्रज्ञाला त्यानं आसरा दिला होता. १७९५ च्या सुमारास तो लंडनला पोचला. घर नाही, देश नाही, पण तिथं जगभरातून आलेली फळं आणि रोपं होती. तो कामाला लागला.

सन १८०० मध्ये त्याचा एक निबंध लंडनमध्ये छापून आला, लिंबाच्या कुळातल्या दोन नव्या प्रजातींवर. या दोन प्रजाती कुठल्या? बेल आणि कवठ! श्रावणी सोमवारी महाद्वार रोडवर ज्याच्या जुड्या विकायला असतात तो बेल, आणि महाशिवरात्रीला घराघरात ज्याची चटणी होते ते कवठ. बेलाला त्यानं नाव दिलं एगल. ग्रीक कथांमध्ये सोन्याची सफरचंदं राखणाऱ्या पऱ्या आहेत, त्यातल्या एकीचं हे नाव. म्हणून बेल झाला 'एगल मार्मेलोस'. एका नावात ग्रीक परी आणि गोव्याच्या ओर्ताचा मुरांबा!

मग १८०५ मध्ये, तोवर हा पॅरिसला गेला होता, त्यानं आपलं माकडलिंबू हातात घेतलं. त्याला पटलं की हे लिमोनियाच्या खणात बसत नाही, याला वेगळा खण हवा. नाव ठेवलं अटलांशिया. अटलांटा ही ग्रीक कथेतली सगळ्यांत वेगवान धावणारी मुलगी. तिला शर्यतीत कुणी हरवू शकत नव्हतं. शेवटी एकानं पळता पळता वाटेत सोन्याची सफरचंदं टाकली, ती वेचायला ही थांबली आणि हरली. पिवळ्या फळांच्या या झुडपाला त्या मुलीचं नाव मिळालं. आज 'अटलांशिया मोनोफायला' म्हणजे 'एकट्या पानाची अटलांटा'. या प्रजातीतल्या एकाहून जास्त झुडपांना आपल्याकडं माकडलिंबूच म्हणतात. आणि गंमत म्हणजे, कवठाला कोरेयानं दिलेलं फेरोनिया हे नाव पुढं मागं पडलं आणि आता कवठच 'लिमोनिया' म्हणून ओळखलं जातं. माकडलिंबानं सोडलेलं नाव कवठानं घातलं. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला येतो तसं!

कोरेया भारतात कधी आलाच नाही. पण त्याचं स्वतःचं काय झालं? तो लंडनमध्ये होता तेव्हाच, १७९८ साली, हेन्री अँड्र्यूज नावाच्या चित्रकारानं ऑस्ट्रेलियातल्या एका झुडपाचं चित्र छापलं आणि त्याला कोरेयाचं नाव दिलं, 'कोरेया अल्बा', पांढरी कोरेया. हे झुडूप कसं आहे माहितीय? सदाहरित. समुद्रकिनाऱ्यावर वाढणारं, खारा वारा सोसणारं. पानाखाली पांढुरकी लव, चार पाकळ्यांचं पांढरं फूल. आणि कूळ? लिंबाचं! टास्मानियाजवळच्या केप बॅरन बेटावर गोरे लोक गेले तेव्हा या पानांचा चहा करून प्यायले असं सांगतात, म्हणून त्याचं एक नाव 'केप बॅरन टी' असंही आहे. बघा, लंडनमध्ये बसून आपल्या बेल-कवठाला नावं देणाऱ्या माणसाचं नाव हजारो मैलांवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच कुळाच्या झुडपाला मिळालं. देश सोडून पळालेल्या माणसाला दोन किनाऱ्यांवर घर मिळालं.

मला इथं एक प्रश्न पडला, तुम्हालाही पडला असेल. बेलाला बेल म्हणणारी माणसं इथं हजारो वर्षं होती. मग शास्त्रीय नावापुढं कोरेयाचं नाव का? आमच्या कामात एक सोय असते, प्रोग्रामची कुठली ओळ कुणी लिहिली ते शोधता येतं. शास्त्रीय नावापुढचं माणसाचं नाव तसंच आहे. कुणी छापील वहीत पहिल्यांदा नोंद केली एवढंच ते सांगतं. पहिल्यांदा झाड ओळखलं कुणी, हे ते सांगत नाही. ते ओळखणारे रंग भट होते, अच्युदन होते आणि ज्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत अशा कितीतरी बायका होत्या, हातात सुपली घेतलेल्या.

तरी काही जणांनी ती नावंही टिपून ठेवली. थिओडोर कुक नावाचा आयरिश माणूस १८६० मध्ये आला तो इंजिनिअर म्हणून. रेल्वेत पूल बांधायचा! पुढं पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य झाला. आणि १९०१ ते १९०८ या काळात त्यानं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला, त्यात झाडांच्या शास्त्रीय नावांबरोबर इथली बोलीतली नावंही दिली. माझ्यासारख्या इंजिनिअरला हे वाचून जरा धीर आला. आपल्या शिवाजी विद्यापीठातही श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ केला, २००२ मध्ये तो छापला गेला. म्हणजे हे वहीत टिपायचं काम अजून चालूच आहे.

आता परत मालवणला. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. फक्त मावशीनं सांगितलेलं नाव होतं. भाचीनं काय केलं, वहीची पानं फाडून चौकोन केले, स्केचपेननं 'माकडलिंबू' लिहिलं आणि सुतळीनं झुडपांना बांधले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका पानावर तिला पक्ष्याची शीट दिसली. ती चालायला लागली! ती अळी होती. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर काही मोठी फुलपाखरं अंडी घालतात आणि त्यांची लहान अळी शीटेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्याकडं ढुंकून बघत नाहीत. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेली राणी पाकोळी, काळ्या पंखांवर निळा रंग असलेली, तिची अळीसुद्धा माकडलिंबाची पानं खाते. ही अळी तिचीच होती का ते आम्हाला ओळखता आलं नाही. पण भाचीच्या मते होतीच.

खोटं कशाला सांगू, जेसीबी आला. बरीचशी रांग गेली. मावसभाऊ वाईट माणूस नाही, त्याला पोटापाण्याचं बघायचंय. मीसुद्धा वर्षभर आधी असतो तर म्हणालो असतो, झुडपंच आहेत, काढा. पण गडग्याच्या कोपऱ्यातली दोन त्यानं ठेवली. त्याला विचारलं का ठेवलीस, तर म्हणाला, "चिठ्ठी होती रे. नाव लिहिलेलं झाड तोडायला हात होईना."

तर दोस्तांनो, या आठवड्याचं काम. घराजवळचं, शाळेच्या वाटेवरचं एक झाड निवडा, ज्याला सगळे नुसतं झुडूप म्हणतात. आजीला, आजोबांना, रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या मावशींना त्याचं नाव विचारा आणि वहीत लिहा. कुणी सांगितलं त्यांचंही नाव शेजारी लिहा, आणि तारीख. चुकलं तर खोडून परत लिहा, लिनियसचंही चुकायचं. आणि घरातल्या मोठ्यांनो, मुलांनी विचारलं की फोन खाली ठेवा. माहीत नसेल तर "बघूया" म्हणा. "काही नाही" म्हणू नका.

पुढच्या भागात भेटूच. तोवर राम राम!